प्रभाकररावांच्या दारात

तिळाच्या लाडवांची परात दिवाणावर ठेवून अनुसयाबाई कंबर सरळ करत होत्या, तेवढ्यात दारावरचं यंत्र दोनदा वाजलं. एकदा वाजलं म्हणजे घरचं माणूस, दोनदा वाजलं म्हणजे परकं, एवढं त्यांना आता पाठ झालं होतं. पण परकं माणूस बेल दाबतं, ते यंत्राच्या वाटेला कशाला जाईल, असं पुटपुटत त्या खिडकीशी गेल्या. बाहेर त्यांची गुंजन उभी होती. खांद्याला नागपूरच्या हॉस्टेलातली बॅग आणि हातात घराचं पांढरं कार्ड. तिनं ते पदराला पुसून पुन्हा यंत्राला टेकवलं. यंत्र पुन्हा दोनदा वाजलं आणि लाल दिवा लागला.

अनुसयाबाईंनी आतून दार उघडलं.

"आई, मायं कार्ड चालून नाई राह्यलं," गुंजन म्हणाली. "दिवाळीले तं चाललं होतं."

"यंत्रच ते. थंडीनं बिघडलं असन. ये, आत ये आधी. हात पाय धू."

पण गुंजन उंबऱ्यातच थांबली. दिव्याकडे पाहत राहिली. पोर लहानपणापासून अशीच, एखादी गोष्ट खटकली की पाय रोवून उभी राहायची. समुद्रपूरला सासरी नवऱ्यानं, राकेशनं, तिच्यावर हात उचलला तेव्हाही ती अशीच उभी राहिली होती म्हणे. दुसऱ्यांदा उचलला तेव्हा बॅग घेऊन निघाली. तेव्हापासून नागपुरात नोकरी, हॉस्टेल, आणि सणावाराला सेलूत आईचं घर. आईचं घर म्हणजे जगात हक्काचं तेवढं एकच दार उरलं होतं तिला.

आता या दाराची हकीकत. सेलूत नवं घर बांधलं त्या वर्षी मुलाच्या, पियुषच्या, डोक्यात हे खूळ शिरलं. बसस्टँडमागे त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान. दिवसा लोकांचे प्रिंटर दुरुस्त करायचे आणि उरलेल्या वेळात जर्मनीतल्या कुण्या न पाहिलेल्या माणसाशी इंटरनेटवर चर्चा करत स्वतःच्या घराला अक्कल शिकवायची, हा त्याचा शौक. टाकी भरली की मोटर आपली आपण बंद. अंधार पडला की फाटकावरचा दिवा आपला आपण चालू. लोडशेडिंगमध्ये माणसं घामानं भिजली तरी हरकत नाही, जिन्याखालच्या कॉम्प्युटरला मात्र इन्व्हर्टर. सासूबाईंच्या कमरेचा पितळी किल्ल्यांचा जुडगा अनुसयाबाईंकडे आला होता तो चार बायकांसमोर, हळदकुंकू लावून. गेला तो असा, की पियुषनं एक दिवस तो खिळ्याला टांगला आणि आईच्या हातावर एक पांढरं कार्ड ठेवलं.

पण पोरगा नुसता खुळा नव्हता. किल्ली कोणाच्या हाती, या एका प्रश्नावर या घराण्यात सख्ख्या भावांची तोंडं फिरली होती, हे त्यानं लहानपणी पाहिलं होतं. म्हणून कोणाला कार्ड द्यायचं आणि कोणाचं काढायचं हे ठरवणारी जी मूळ किल्ली, तिचे त्यानं कॉम्प्युटरातच तीन तुकडे केले. एक बाबांचा, एक आईचा, एक त्याचा. ज्याच्या त्याच्या तुकड्याला ज्याचं त्याचं गुप्त वाक्य. तिघांपैकी कोणतेही दोन तुकडे जुळले तरच कॉम्प्युटर ऐकणार. एकट्याचं ऐकणार नाही, मग तो घरधनी का असेना. "उद्या मी गाडीखाली आलो तं घर अडून नाई बसलं पाह्यजे," तो वास्तुशांतीच्या दिवशी म्हणाला होता, "अन् एकट्याच्या रागानं कोणी घराबाहेर नाई गेलं पाह्यजे." एकट्याच्या म्हणताना त्यानं बाबांकडे पाहिलं नव्हतं, बाकी सगळ्यांनी पाहिलं होतं.

पियुषला फोन गेला, तसा तो दुकान टाकून आला. जिन्याखालचा पडदा बाजूला सारून त्यानं कॉम्प्युटर उघडला आणि घरच्यांची यादी वर-खाली केली. मग पुन्हा केली. त्याच्या मानेवरचे केस घामानं चिकटलेले अनुसयाबाईंना मागून दिसले, आणि संक्रांतीच्या थंडीत घाम काऊन, असं त्यांच्या मनात आलं.

"कार्ड बिघडलं नाई," तो म्हणाला. "यादीत गुंजनचं नावच नाई. काढून टाकलं हाय."

"कोणं?" गुंजननं विचारलं.

पियुष पुन्हा यादी चाळायला लागला.

"तू काढलं?"

"मी? पागल हाय का तू?"

"मंग दोघं राह्यले," गुंजन म्हणाली.

ती हे ओरडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती हिशोब मांडल्यासारखं हळू म्हणाली आणि आईकडे वळली. दोन तुकडे लागतात. पियुषचा नाही. मग बाबांचा आणि आईचा. दुसरीतलं पोरगंही सोडवील असं ते गणित होतं, आणि त्याचं उत्तर अनुसयाबाई होत्या.

"माई आण घे," अनुसयाबाई म्हणाल्या. "मी हात नाई लावला त्या मशीनले."

"तुयं वाक्य कोणाले सांगतलं?"

"कोणालेच नाई. पियुषनं मना केलं होतं. त्यालेबी नाई सांगतलं, विचार त्याले."

"मलेबी नाई सांगतलं," पियुष म्हणाला. "मीच खोलीबाहेर गेलो होतो तेव्हा. नियमच हाय तो." आणि मग त्याला जरा हुरूप आला. "बाहेरून कोणी घुसलं असन. इंटरनेटवरून. असं होते, लोकं घुसतात. मी पाहतो."

सून आचल स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभी होती. ती गुंजनची मैत्रीण असल्यासारखी वागायची, आणि सासूचीही. आज कोणाची, हे तिचं ठरत नव्हतं. "परदेशातून घुसून कोणी आपल्या नणंदबाईचंच नाव काऊन काढन?" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावून आत गेली.

प्रश्न बरोबर होता. 

गुंजननं बॅग खाली ठेवलीच नव्हती. "बाबाईचं समजते मले," ती म्हणाली. "ते पह्यलेपासून बोलून राह्यले, पोरीचं घर सासरी असते म्हणून. राकेश त्यायच्या दुकानात येऊन बसते, तेबी मले माहीत हाय. पण तू, आई. पाच वाजताच्या बसनं जातो मी. अन् आता बोलवजो नको."

अनुसयाबाई परातीतले लाडू उगीच पुन्हा रचायला लागल्या. न केलेल्या चोरीबद्दल जिनं आयुष्यात कधी बोलणी खाल्ली नाहीत, तिला स्वतःची बाजू मांडायची सवय कुठून असणार. वाक्य आपल्याखेरीज कोणालाच ठाऊक नाही. मग ते बोललं कोण? झोपेत आपणच बोललो की काय, असंही त्यांना क्षणभर वाटलं. स्वतःवरचा विश्वास उडतो तो असा, भर दुपारी, लाडवांच्या परातीजवळ.

आणि बायका यायला लागल्या. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तुमच्या घरचं दुःख विचारून कोणी थांबत नाही. रेशमाच्या सळसळीनं आणि चपलांच्या ढिगानं हॉल भरला. गुंजन आतल्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसून राहिली, बॅग मांडीवर. येणारी प्रत्येक बाई तिच्याकडे एकदा, मग बॅगेकडे एकदा, आणि मग मुद्दाम छताकडे पाहत होती. पियुष पडद्यामागे घुसखोर शोधत होता. आचल तिळगूळ आणि वाणाच्या वाट्या वाटत होती. अनुसयाबाईंनी हळदकुंकवाचं ताट उचललं, कारण हाताला काहीतरी काम हवं होतं.

"नाव घ्या बाप्पा आता," कोणीतरी सुरुवात केली. दोघी-चौघींनी घेतलं. आचलनं घेतलं, नवीन पाठ केलेलं, लांब, मध्ये एकदा अडखळत. मग सगळ्या जणी अनुसयाबाईंकडे वळल्या.

"आज राहू द्या," त्या म्हणाल्या.

"राहू कसं द्या? तुमच्या घरी येऊन तुमचं नाव नाई ऐकलं तं संक्रांत कायची?"

समोरच्या सवाष्णीच्या कपाळाला कुंकू लावता लावता, केवळ सुटका व्हावी म्हणून, अनुसयाबाईंनी म्हणायला घेतलं. लग्नात सासरच्या उंबऱ्यावर अडवलं होतं तेव्हा म्हटलेलं, आणि त्यानंतर दर संक्रांतीला, दर डोहाळजेवणाला, दर बारशाला म्हटलेलं तेच.

"कापसाच्या गंजीवर चांदणं पडलं छान..."

त्या श्वास घ्यायला थांबल्या. आणि हॉलमधल्या सगळ्या बायकांनी हसत, टाळ्या पिटत, एका सुरात ते पुरं केलं:

"प्रभाकररावांच्या दारात सर्वांना मिळे मान."

कुंकवाचं बोट हवेत राहिलं. समोरची बाई कपाळ पुढे करून तशीच बसली होती. अनुसयाबाईंना आधी काही ऐकूच येईना, मग सगळं फार मोठ्यानं ऐकू यायला लागलं, हसणं, बांगड्या, पडद्यामागचा कॉम्प्युटरचा घुरघुराट. त्यांचं गुप्त वाक्य. पियुष म्हणाला होता, लांब पाहिजे, जन्मात विसरली नाही पाहिजे आणि कुठे लिहून ठेवायचं नाही. तिन्ही अटींत बसणारी एकच गोष्ट त्यांच्यापाशी होती. त्यांनी पियुषला खोलीबाहेर काढून, मराठी अक्षरं चिकटवलेल्या कीबोर्डवर, एकेक अक्षर शोधत ती मोठ्या विश्वासानं भरली होती. गावासमोर मोठ्यानं म्हणू नको, एवढं मात्र पोरगा सांगायचा राहिला होता. आणि त्याचं तरी काय चुकलं, गुपित म्हणजे काय हे आईला सांगावं लागेल असं कोणत्या मुलाला वाटेल.

सगळं सेलू त्यांची किल्ली तोंडपाठ म्हणत होतं.

पण किल्ली नुसती माहीत असून भागत नव्हतं. दुसरा तुकडा लागत होता. आणि दुसरा तुकडा या बायकांपैकी एकीकडेही नव्हता. तो ज्याच्याकडे होता, त्याचंच नाव हॉलभर आताच घेतलं गेलं होतं. अनुसयाबाईंनी कसंबसं ते कुंकू टेकवलं. ते वाकडं लागलं.

आतल्या खोलीच्या दारात गुंजन येऊन उभी होती. तिनं ऐकलं होतं. तिनं आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि मग खांद्यावरची बॅग उतरवून भिंतीशी ठेवली.

"हेच होतं?" तिनं नुसत्या ओठांनी विचारलं.

अनुसयाबाईंनी मान हलवली. बायकांना वाटलं, नाव घेऊन डोळ्यांत पाणी आलं. एवढ्या वर्षांनीही केवढा जीव आहे पाहा, अशा नजरेनं त्या एकमेकींकडे पाहत होत्या.

बायका वाट्या घेऊन पांगल्या, बाहेर अंधारायला लागलं, फाटकावरचा दिवा आपला आपण लागला. पाचची बस केव्हाच गेली होती. मग दारावरचं यंत्र वाजलं. एकदाच.

प्रभाकरराव आत आले. बी-बियाण्यांच्या दुकानाचा वास त्यांच्या कपड्यांना कायमचा लागलेला. गुंजनला पाहून ते थबकले, मग जणू काही झालंच नाही असे खुर्चीवर बसून बूट काढू लागले.

"गुंजनचं नाव तुमी काढलं," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी विचारलं नाही.

प्रभाकररावांनी दुसरा बूट काढला. खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता, तेवढं त्यांच्या बाजूनं लिहायलाच हवं. "हो," ते म्हणाले. "तिच्याच भल्यासाठी. इथलं दार उघडं दिसते तवरिक पोरगी सासरी वापस जाणार नाई. भांड्याले भांडं लागतेच. राकेश माफी मागाले तयार हाय."

"त्यानं मारलं तिले."

"मले माहीत हाय."

पियुष पडद्यामागून बाहेर आला होता. "बाबा, दोन तुकडे लागतात," तो म्हणाला. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "मी ते तुमच्यासाठीच केलं होतं. म्हणजे, असं होऊ नये म्हणूनच."

"होते ना दोन. एक माया, एक तुया आईचा."

"आईनं देला नाई."

"मांगतला असता तं देला असता का तिनं?" प्रभाकरराव बायकोकडे न पाहता म्हणाले. "म्हणून नाई मांगतला."

"तुमाले कसं समजलं, का मी तेच भरलं म्हणून?" अनुसयाबाईंनी विचारलं.

आता त्यांनी मान वर केली. त्यांना खरंच त्या प्रश्नाचं नवल वाटलं होतं. "तुले पाठ असलेलं लांबलचक दुसरं हाय तरी काय?" ते म्हणाले. "अन् नाव तं मायंच हाय त्याच्यात."

अनुसयाबाईंना गुंजनचं नाव काढलं गेल्याचा धक्का दुपारी बसला होता, तो एक. आपलं गुपित गावभर आहे हा दुसरा. पण हा तिसरा निराळाच होता. हा माणूस आपलं ऐकत नाही, असं त्या इतकी वर्षं समजत आल्या होत्या, आणि त्याची त्यांना सवय झाली होती. तो सगळं ऐकत होता. ऐकून, मोजून, लागेल तेव्हा वापरायला ठेवत होता. त्यांच्या तोंडचे शब्द घेऊन त्यानं त्यांच्याच लेकीला दाराबाहेर उभं केलं होतं, आणि ते शब्दही कोणते, तर सर्वांना मिळे मान. त्यांना एकदम फार राग आला, आणि राग आल्यावर बरं वाटलं.

"पियुष, मशीन सुरू कर," त्या म्हणाल्या.

जिन्याखाली त्या स्टुलावर बसल्या. पियुषनं आपलं वाक्य भरलं, तेव्हा त्यांनी तोंड फिरवलं. मग त्यांनी आपलं भरलं, एका बोटानं, का-प-सा-च्या करत, नवऱ्याच्या नावासकट, शेवटचं. कॉम्प्युटरनं ऐकलं. पियुषनं ‘माणूस जोडा’ दाबलं, गुंजनचं कार्ड कॉम्प्युटरजवळच्या कार्ड वाचणाऱ्या खोक्यावर ठेवलं, आणि तिचं नाव यादीत परत आलं. होतं तिथंच.

पियुषनं हात कीबोर्डवरून उचलला नाही. तो हळू म्हणाला, "आई, आता आपण दोघं हावो. बाबाचं बी काढता येते." स्क्रीनवर ‘माणूस जोडा’च्या खाली ‘माणूस काढा’ लिहिलेलं होतं. त्यानंच कधीतरी हौसेनं मराठीत लिहिलं होतं ते.

मागे गुंजन उभी होती. आचल उभी होती. कोणी नको म्हणालं नाही. खुर्चीवर प्रभाकरराव बूट हातात धरून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर, त्या घरात प्रथमच, दुसऱ्याच्या उत्तराची वाट पाहणं दिसत होतं.

"नाई," अनुसयाबाई म्हणाल्या. "माणसं काढाचं काम या घरात एकानं केलं तेवढं पुरे. माया तुकड्याले नवं वाक्य पाह्यजे. सगळे बाहेर जा."

पियुष निघाला, पोरी निघाल्या. प्रभाकरराव बसून होते.

"तुमीबी," त्या म्हणाल्या.

ते उठले आणि मोज्यांनीच व्हरांड्यात गेले. त्यांच्या मागे दार आपलं आपण लागलं, पियुषनं तसं करून ठेवलं होतं. अनुसयाबाईंनी वाक्य भरलं. वेळ लागला. काय भरलं ते त्यांनी कधीच कोणाला सांगितलं नाही, म्हणून ते इथंही नाही. त्यात कोणाचं नाव नव्हतं एवढं खरं.

गुंजन मागच्या दारानं अंगणाला वळसा घालून पुढे आली आणि बापासमोरून जाऊन तिनं यंत्राला कार्ड लावलं. ते एकदा वाजलं. आत येऊन ती आईजवळ जमिनीवर बसली, आईच्या गुडघ्याला टेकून. "मी तुले काय काय बोलली," ती म्हणाली.

"बोलू दे. कोणाले बोलशीन मंग?"

तेवढ्यात शेजारच्या जयवंताबाई आल्या. दिवसभर वडनेरला माहेरी गेलेल्या, आताच परतलेल्या, धापा टाकत. "माया वाणाची वाटी संपली तं नाई ना?" म्हणत त्या व्हरांड्यातल्या प्रभाकररावांना ओलांडून आत शिरल्या, आचलनं दार उघडलं तसं. अनुसयाबाईंनी त्यांना हळदकुंकू लावलं. या वेळी बोट सरळ गेलं.

"अन् नाव?" जयवंताबाई म्हणाल्या. "ते तं मी ऐकूनच जाणार."

"यंदा नाव नाई."

"काऊन वो? सवाष्णीनं असं म्हणू नये."

"जुनं झालं ते, जयवंताबाई. आता नवं हाय."

"मंग नवं सांगा."

"ते सांगाचं नसते," अनुसयाबाई म्हणाल्या आणि त्यांच्या हातात तिळाचा लाडू ठेवला.

खिडकी उघडी होती. व्हरांड्यातली खुर्ची करकरली आणि गप्प झाली. एवढ्या वर्षांत प्रभाकररावांनी या घरात आपलं नाव न घेतलेलं पहिल्यांदा ऐकलं होतं.

जरा वेळानं बेल वाजली.

"आणखी कोणी आलं वाटते," जयवंताबाई म्हणाल्या.

अनुसयाबाईंनी खिडकीतून पाहिलं. प्रभाकरराव दारासमोर मोज्यांवर उभे होते. पांढरं कार्ड त्यांच्या शर्टाच्या खिशातून वर आलेलं स्पष्ट दिसत होतं, आणि त्यांचं बोट बेलवर होतं.

"गुंजन," त्या म्हणाल्या, "जा, तू उघड."